बाळाच्या गोधडीसाठी वॉकिंग फूट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरगुती मशिनवर गोधडीचे तीन थर (वरचं कापड, मध्ये बॅटिंग म्हणजे मऊ भरणाचा थर, आणि खाली अस्तर) नेहमीच्या फूटने, म्हणजे सुईखाली कापड दाबणाऱ्या पायाने शिवले, की वरचं कापड हळूहळू पुढे ढकललं जातं आणि ओळीच्या शेवटी त्याचा फुगा उरतो. मशिनचे दाते फक्त खालून ओढतात. अस्तर दात्यांबरोबर मागे सरकतं, वरचं कापड मात्र फूटखाली अडतं. वॉकिंग फूटला स्वतःचे वरचे दाते असतात. त्याच्या बाजूचा दांडा, म्हणजे काटा, सुईच्या स्क्रूवर बसतो आणि सुई वर-खाली होताना तो वरचे दाते हलवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी कापड सारखं सरकतं. फरक पाहायचा तर एकाच मापाच्या २० इंची दोन पट्ट्या घ्या, मध्ये बॅटिंग ठेवा आणि टाचण्या न लावता टीप मारा. नेहमीच्या फूटने वरची पट्टी शेवटी खालचीच्या पुढे डोकावते, वॉकिंग फूटने टोकं जवळजवळ जुळतात.

आठ महिन्यांत या फूटवर ३६ इंची चौरस अशा सहा गोधड्या झाल्या. सरळ ओळींच्या क्विल्टिंगसाठी, म्हणजे तिन्ही थर टीप मारून एकत्र शिवण्यासाठी, तो घ्यायलाच हवा. पण पहिल्या गोधडीत चुणी आली म्हणून फूटला दोष देऊ नका, कारण बऱ्याच चुण्या थर टाचतानाच पडलेल्या असतात आणि त्या कोणताही फूट काढू शकत नाही.

घेण्याआधी मशिनचा शँक, म्हणजे फूट ज्यावर बसतो तो दांडा, तपासा. फूट खाली टेकवून, तो ज्या स्क्रूने बसतो तो स्क्रू सुईपट्टीपासून किती उंच आहे ते मोजा. अर्धा ते पाऊण इंच असेल तर लो शँक, एक इंच किंवा जास्त असेल तर हाय शँक. चुकीचा घेतला तर बसतच नाही. पुढून उघडा असलेला फूट निवडा, सुई आणि आधीची शिवण दोन्ही दिसतात. बसवताना काटा सुईच्या स्क्रूच्या वरच आला पाहिजे. तो खाली राहिला तर वरचे दाते हलत नाहीत, आणि नवशिक्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मोटर चालवण्याआधी हातचाक दोनदा फिरवून पाहा. टक-टक आवाज येणारच, तो बिघाड नाही.

वरच्या कापडाचे तुकडे जोडायला मात्र हा फूट नको. तिथे पाव इंचाचा फूट जास्त नेमका. ५ इंची ६४ चौकोन, आठ ओळींत आठ, पाव इंच माया (शिवणीबाहेर सुटणारी कड) धरली की प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा उरतो आणि काठाची माया सोडून गोधडी बरोबर ३६ इंच येते. माया इंचाच्या सोळाव्या भागाने जरी जास्त गेली, तरी एका शिवणीत दोन्ही बाजू मिळून आठवा भाग जातो आणि सात शिवणींत जवळजवळ एक इंच. टाका २ ते २.५ मिमी, सुई ८०/१२. एका ओळीच्या माया डावीकडे आणि पुढच्या ओळीच्या उजवीकडे इस्त्री केल्या, की कोपरे एकमेकांत घट्ट बसतात.

आता थर टाचणं. इथे घाई केली की पुढे तासन्‌तास उसवत बसावं लागतं. अस्तर प्रत्येक बाजूने ३ इंच जास्त, म्हणजे ४२ इंच घ्या. ४४ इंची पन्ह्यात ते एका तुकड्यात निघतं आणि मागे जोड येत नाही. अस्तर उलट बाजू वर करून टेबलावर चिकटपट्टीने ताठ लावा. ताठ म्हणजे सुरकुती जाईल इतकंच, ताणायचं नाही. ताणलेलं अस्तर पट्ट्या काढल्यावर आक्रसतं आणि वरच्या कापडाला झोळ पडतो. त्यावर बॅटिंग, त्यावर जोडलेलं कापड, आणि मधून कडेकडे हात फिरवत जा. वाकड्या सेफ्टी पिना तळहाताच्या अंतरावर, साधारण ४ इंचांवर लावा. ३६ इंचांत ८० ते १०० पिना लागतात. ३० पिनांत भागवलं, तर मधल्या मोकळ्या जागांत कापड सरकतं. पिना ज्या रेषांवर टीप मारायची आहे त्या सोडूनच लावा.

क्विल्टिंगसाठी ९०/१४ ची सुई, टाका ३ मिमी, मशिनवर फूटचा दाब कमी करता येत असेल तर तो एक-दोन आकडे कमी. त्याच कापडाचे आणि बॅटिंगचे ६ इंची तीन थर करून दोऱ्याचा ताण आधी तपासा. वर बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले तर वरचा ताण सैल करा, खाली वरच्या दोऱ्याचे ठिपके दिसले तर घट्ट.

पहिली टीप मधल्या उभ्या शिवणीवर, दुसरी मधल्या आडव्या शिवणीवर. गोधडीचे चार भाग पक्के झाले, की मग मधून बाहेर. प्रत्येक शिवणीवर आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर टीप मारली, तर ओळींतलं अंतर सव्वादोन इंच पडतं. एका दिशेला १५ ओळी, दोन्ही दिशांना मिळून जवळजवळ २७ मीटर टीप. शेजारच्या ओळी एक वरून खाली, पुढची खालून वर असं करू नका. कापड दोन्हीकडे ओढलं जातं आणि तिरप्या लाटा उमटतात. सगळ्या समांतर ओळी एकाच टोकाकडून सुरू करा. वेळ जास्त जातो, पण फरक लांबूनही दिसतो.

आडव्या ओळी मारताना आधीच्या उभ्या ओळीजवळ कापडाचा फुगा गोळा होतो. तसंच पुढे गेलं, तर उभ्या टिपेवर छोटी घडी शिवली जाते. दोन इंच आधी थांबा, सुई खाली ठेवून फूट उचला, फुगा बोटांनी दोन्ही बाजूंना पसरवा आणि फूट टेकवून हळू पुढे जा. मागून ओढू नका, सुई वाकून पट्टीवर आदळते. टाके अचानक बारीक पडू लागले तर बहुतेक गोधडी टेबलाखाली लोंबते आहे. डावीकडे आणि मागे आधार द्या.

सगळ्या ओळी वरच्या कापडाबाहेर, बॅटिंगवर सुरू करून बॅटिंगवरच संपवा. उलट टीप लागत नाही, आणि ते बरंच आहे, कारण या फूटचे वरचे दाते पुढेच चालतात. उलट चालवलं तर थर एकमेकांविरुद्ध ओढले जातात. वळणदार, मुक्त क्विल्टिंग त्याचं काम नाही. त्यासाठी खालचे दाते खाली करतात, आणि ते पुन्हा वर करायला विसरलं तर वॉकिंग फूटखाली कापड नीट पुढे सरकत नाही.

काठाला अडीच इंची चार पट्ट्या तिरक्या जोडून, दुमडून लावा. सगळीकडून मिळून १४४ इंच आणि कोपऱ्यांसाठी दहा इंच माया. ही काठाची पट्टी, म्हणजे पायपिन, दोन्ही बाजूंनी मशिननेच शिवा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी गोधडी ठेवायची नसते, ती जमिनीवर खेळायला, त्यामुळे ती वारंवार धुतली जाते आणि हातशिलाई आधी तिथेच सुटते. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटते, आणि त्या सुरकुत्यांत थोड्या वाकड्या ओळी दिसत नाहीत. बटणं, मणी, सुटी फीत मुळीच नकोत.

तक्रार दोन गोष्टींची. काटा सतत आपटत असल्याने सुईचा स्क्रू सैल होतो. एकदा सुई मध्येच सुटली, म्हणून तो बोटाने नाही, स्क्रूड्रायव्हरनेच घट्ट करा आणि प्रत्येक वेळी बॉबिन बदलताना तपासा. अंतर धरणारा लोखंडी दांडाही आपोआप सरकतो, दर दोन-तीन ओळींनी पट्टीने मोजून घ्या. चौथ्या गोधडीनंतर आवाज कोरडा, करकरीत झाला. वरच्या दात्यांमध्ये बॅटिंगचा लव दाटून बसला होता. ब्रशने काढून काट्याच्या सांध्यावर मशिनच्या तेलाचा एकच थेंब दिला, जादाचं तेल पुसून रद्दी कापडावर हातभर टीप मारली, आणि आवाज पूर्ववत झाला. आता दर गोधडीनंतर फूट काढून लव साफ होतो.