नहराची पाळ का जंगलातली वाट? धावायला कोणती बरी

भाच्यानं विचारलं, मामा भरतीची तयारी सुरू करतो, तर नहराच्या पाळीवर धावू का जंगलाकडे? मी सावली तालुक्यात दोन्हीकडे धावलो आहे म्हणून सांगतो.

पाळ सपाट, अंतर मोजायला सोपं, दम लागला तर चालत परत येता येते, आणि धानाच्या बांध्यांवर माणसं दिसत राहतात त्यामुळं नवख्याला धीर वाटतो. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, त्यासाठी टाइम लावून धावायला पाळच पाहिजे. फक्त पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलत नाही, तेव्हा डांबरी रस्ता धरा.

जंगलात चढउतार आहे, मुळं, दगड, सागाची वाळली पानं, त्याखाली खड्डा दिसत नाही, घोटा मुरगळतो. पण पायात ताकद तिथंच येते, वनरक्षक भरतीत पोरांना ५ किलोमीटर असतात, त्यासाठी हे लई कामाचं. मात्र आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आहे बाप्पा, मोहफुलाच्या दिवसांत अस्वलही मोहाखाली येते, म्हणून पहाटे अंधारात एकट्यानं अजिबात नाही, कानात इअरफोन नाही, ऊन पडल्यावर तीनचार जणांनी मिळून गावाजवळच्या वाटेनंच जा.

नवीन असाल, वजन जास्त असेल, गुडघा दुखत असेल तर पाळच. पाळीवर न थांबता ५ किलोमीटर होत असतील त्यांनी आठवड्यातून एक दिवस जंगलाकडे जावं. भाच्यानं सध्या पाळच धरावी.