सगळं आहे, फक्त आवाजाचा नॉब नाही : फायर कंट्रोलची नवी एव्ही (ऑडिओ-व्हिडिओ) सिस्टीम पावसाळाभर वापरल्यावर

काल सिस्टीम बसवणाऱ्या व्हेंडरचा आमच्या तक्रारीवर मेल आला. ‘पॉवर हा क्लायंटच्या स्कोपमधला विषय असल्याने तिकीट क्लोज करत आहोत.’ त्यांनी तिकीट क्लोज केलं, म्हटलं आपणही एकदाचं सगळं लिहून मोकळं व्हावं.

सेटअप सगळ्यांना माहीत असतो तसाच आहे. 55 इंची 6 पॅनलची व्हिडिओ वॉल, आडवे 3 आणि उभे 2. मागे वॉल कंट्रोलर, छतात स्पीकर आणि माइक, डीएसपी (आवाज हाताळणारा प्रोसेसर), व्हीसीचा म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सचा कॅमेरा, आणि हे सगळं चालवायला टेबलावर 10 इंची टच पॅनल. जागा म्हणजे खाडीकाठच्या एका महापालिकेच्या अग्निशमन दलाचा कंट्रोल. एकाच हॉलमध्ये 101 चे ऑपरेटर बसतात, पावसाळ्यात तिथेच आपत्कालीन कक्ष असतो, एरवी साहेबांच्या बैठका, आणि नव्या फायरमनचे वर्गही तिथेच. निविदेत याला ‘बहुउद्देशीय’ म्हटलं होतं. माझी सगळी तक्रार या एका शब्दाच्या पोटात आहे.

आधी तिकिटाचं सांगतो. जुलैतली रात्र, ऑरेंज अलर्ट, त्यात भरती साडेचार मीटरच्या वरची. अशा वेळी गटाराचं पाणी खाडीत जात नाही, उलट खाडीच आत येते, त्यामुळे सगळे जागेवर होते. लाइट गेली. जनरेटरला लोड घ्यायला दहा-बारा सेकंद लागतात, ते ठरलेलं आहे. वॉल यूपीएसवर असल्याने ती झगझगीत चालू राहिली. आवाज मात्र पूर्ण गेला आणि टच पॅनल काळं पडलं. रडारचं चित्र दिसतंय, नाक्यावरच्या कॅमेऱ्यात पाणी चढताना दिसतंय, आणि हॉलमध्ये गाड्यांशी बोलायच्या वायरलेसचा एक शब्द नाही.

झालं होतं असं. टच पॅनल, डीएसपीचं कंट्रोल, छतातले माइक, सगळं एका 24 पोर्टच्या पीओई स्विचवर (नेटवर्कच्या वायरीतूनच वीजही देणारा) चालतं. तो स्विच रॅकमधल्या साध्या सॉकेटला लावलेला. लाइट परत आल्यावर आधी स्विच उठणार, मग पॅनल उठणार, मग पॅनल प्रोसेसरला शोधणार, तोवर डीएसपी म्यूटमध्ये बसून राहणार. लाखोंच्या वॉलला यूपीएस आणि जो स्विच या सगळ्याला चालवतो तो उघड्यावर! स्विचला लागतात किती, तर दीडशे-दोनशे वॉट. वॉलचे सहा पॅनल मिळून किलोवॅटच्या आसपास खातात, ते चालतं.

त्या रात्री ऑपरेटरने काय केलं? वायरलेसचा जुना बेस सेट कोपऱ्यात बॅटरीवर चालू होता. त्याच्या अंगचा स्पीकर नॉब फिरवून मोठा केला आणि काम सुरू. तेव्हापासून माझ्या डोक्यात नॉब बसला तो बसलाच. स्टाफमधले हसतात, हसू देत.

नव्या सिस्टीमवर वायरलेसचा आवाज कमी-जास्त करायचा असेल तर काय करावं लागतं ते सांगतो. पॅनल झोपलेलं असतं, त्याला एक टॅप. मग चार आकडी पिन. मग ‘ऑडिओ’. मग सोर्सच्या यादीत ‘वायरलेस’. मग स्लायडर. आता हे वर्दी, म्हणजे आगीची खबर, घेताना करून बघा. एका कानाला फोन, पलीकडचा माणूस ओरडतोय ‘साईकृपाला आग लागली, लवकर या’, आणि आमच्या हद्दीत साईकृपा नावाच्या बिल्डिंगी गल्लीगणिक. कुठली साईकृपा, जवळची खूण काय, कितवा मजला, हे विचारायचं, उजव्या हाताने लिहायचं, आणि त्याच वेळी छतातून दुसऱ्या गाडीचा मेसेज दणदणतोय. तो दोन घर खाली आणायला पाच टप्पे. तोपर्यंत ऑपरेटर रिसीव्हरवर हात दाबून ‘अरे आवाज कमी करा कुणीतरी’ म्हणून ओरडतो, आणि ते वर्दी देणाऱ्यालाही ऐकू जातं.

बरं, स्लायडर तरी नीट असावा. अर्ध्यापर्यंत सरकवा, काहीच ऐकू येत नाही. तीन चतुर्थांशाला कुजबुज. त्याच्या पुढे बोट नखभर सरकलं की हॉल हादरतो. याचं कारण मी एका इंजिनीअरकडून काढून घेतलं. डीएसपीचा फेडर (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) मुळात उणे 100 डेसिबलपासून अधिक 12 पर्यंत जातो आणि प्रोग्रॅमरने तोच अख्खा पल्ला स्लायडरवर सरळ ताणून ठेवलाय. माणसाच्या कामाचा पल्ला त्यातला वरचा तीस-चाळीस डेसिबलचा. खालचा सगळा भाग शोभेचा. प्रोग्रॅममध्ये दोन आकडे बदलायचे काम, त्यासाठी ‘चेंज रिक्वेस्ट’चं वेगळं कोटेशन आलं. मी ते फाइलला लावून ठेवलंय, कधीतरी ऑडिटवाल्यांना वाचायला.

खरा वैताग ‘व्हीसी मोड’चा. जिल्ह्याची किंवा मंत्रालयाची व्हीसी लागली की ऑपरेटर ते बटण दाबतो. दिवे मंद होतात, कॅमेरा वळतो, वॉलवर समोरची मंडळी येतात. पाहुण्यांना दाखवायला झकास. पण त्याच प्रीसेटमध्ये (आधीच ठरवून ठेवलेल्या मांडणीत) हॉलमधला वायरलेस म्यूट होतो. का, तर छतातले माइक तो आवाज उचलून पलीकडे पाठवतात. सिस्टीम जोडून देणाऱ्या इंटिग्रेटरच्या बाजूने बघितलं तर त्याचं चुकलं नाही. मीटिंग रूममध्ये असंच करतात. पण ही मीटिंग रूम नाही ना. ऐन पावसात, जेव्हा व्हीसी लागायची शक्यता सगळ्यात जास्त, तेव्हाच वायरलेसही सगळ्यात जास्त बोलत असतो. हेडसेट लावलेला ऑपरेटर ऐकत होता म्हणून काही बिघडलं नाही. पण शेजारी बसून गाड्यांची जुळवाजुळव करणारा अधिकारी मात्र बहिरा. गाडी कुठे पोचली हे त्याने ऑपरेटरला खांद्यावर टिचकी मारून विचारायचं.

म्हणून सांगतो, नॉब. हाताला लागणारा, अंधारात सापडणारा, पिन न मागणारा. आणि खाली टोकाला नेला तरी पूर्ण बंद न होणारा.

आता वॉलबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. हेच मी मे महिन्यात लिहिलं असतं तर वॉलला 2 तारे दिले असते. तेव्हा मला पॅनलमधल्या काळ्या रेघांचा राग होता. नकाशा लावला की हायवे नेमका रेघेखाली जायचा. दीड मिलिमीटर पिचची (ठिपक्या-ठिपक्यांमधलं अंतर) एलईडी वॉल घ्यायला हवी होती, एकसंध दिसते, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. आता माझं मत ते राहिलेलं नाही. रेघ डोळ्यांना सरावली, नकाशा थोडा सरकवून ठेवला की झालं. आणि कंट्रोलमध्ये रात्रभर बारीक अक्षरं आणि कॅमेऱ्यांची चौकट बघायची असते, ते काम एलसीडी नेमकं करते. रात्री ब्राइटनेस चौथाईवर आणला तरी सावलीतला तपशील जात नाही. त्या किमतीतल्या एलईडीचा डेमो आम्ही बघितला होता, ब्राइटनेस उतरवला की करडे रंग फुटायचे. एक खबरदारी मात्र घ्या. कॅमेऱ्यांची तीच चौकट आठवडेच्या आठवडे तशीच राहिली तर तारीख-वेळेचा पट्टा भुतासारखा मागे उरतो. आमचा चौकटी बदलल्यावर हळूहळू गेला. आता पाळी बदलताना चौकटींच्या जागाही बदलायच्या असा नियम केलाय.

3 बाय 2 ची मात्र एक गंमत आहे, ती कुणी आधी सांगत नाही. प्रत्येक पॅनल 16:9, पण तीन आडवे आणि दोन उभे ठेवले की अख्खी वॉल 8:3 होते. लॅपटॉपचं चित्र ‘फुल वॉल’ केलं की ते आडवं दीडपट ताणलं जातं. अग्निशमन सप्ताहात, 14 एप्रिलला, नव्या मुलांना 1944 चा मुंबई गोदीतला स्फोट सांगत होतो. फोर्ट स्टिकिन जहाजाचा फोटो लावला तर जहाज फताडं, आणि शेजारच्या फोटोतले अग्निशामक सगळे बुटके-जाडे. ज्यांच्या नावाने तो दिवस पाळायचा त्यांची अशी दशा बघवेना. 2 बाय 2 किंवा 3 बाय 3 घेतली तर हा प्रश्न येतच नाही.

पण याच गैरसोयीतून आम्हाला या खोलीतली सगळ्यात कामाची मांडणी सापडली. डावीकडचे चार पॅनल म्हणजे बरोबर 16:9, ते बैठकीला, व्हीसीला, वर्गाला. उजवीकडचे एकावर एक दोन पॅनल कुणालाही द्यायचे नाहीत, आयुक्त आले तरी. वर गाड्यांची स्थिती, खाली कुलाब्याच्या रडारचं चित्र आणि भरतीच्या वेळा. वर्ग चालू असो की व्हीसी, ती उभी पट्टी हलत नाही. बहुउद्देशीय खोली करायची असेल तर प्रत्येक उद्देशाला अख्खी वॉल देऊ नका, एक तुकडा कायमचा कंट्रोलच्या नावावर ठेवा. आवाजालाही हाच नियम हवा होता, तिथेच माशी शिंकली.

अक्षरांचा हिशेबही निविदेआधी करून घ्या. आमची शेवटची खुर्ची वॉलपासून 7 मीटरवर आहे. तिथून आरामात वाचायचं तर अक्षर साडेतीन-चार सेंटीमीटर उंच लागतं. लॅपटॉपवरचा एक्सेल तक्ता 11 पॉइंटात त्या चार पॅनलवर टाकला की अक्षर भरतं जेमतेम सव्वा सेंटीमीटर. म्हणजे मागच्या रांगेला रेघोट्या. पावसाळापूर्व बैठकीत नालेसफाईचा तक्ता सगळ्यांनी माना डोलावत ‘पाहिला’, त्यातलं मागच्यांना किती दिसलं देव जाणे. वॉल मोठी करून हे सुटत नाही, तक्ता बनवणाऱ्याला सांगावं लागतं.

बाकी किरकोळ. टेबलातल्या पॉप-अप बॉक्समध्ये चहा सांडतो, त्याचं झाकण वरून सपाट न ठेवता उंचवट्यावर घ्यायला हवं होतं. लांबच्या एचडीएमआय केबलऐवजी त्यांनी कॅट-6 वरून एचडीबेसटी (नेटवर्कच्या केबलवरून चित्र नेण्याची पद्धत) टाकलंय, त्याबद्दल मात्र पैकीच्या पैकी. एकदाही चित्र फडफडलं नाही. एसीचा झोत ऑपरेटरच्या मानेवर येतो, तो एव्हीवाल्यांचा दोष नाही.

सप्टेंबरात मला सुखद धक्का बसला. कंपनीने दुसऱ्याच तक्रारीसाठी एक तरुण टेक्निशियन पाठवला. काम झाल्यावर ऑपरेटर सहज म्हणाला, ‘आमच्या साहेबांना एक नॉब पाहिजे, मिळतो का कुठे?’ पोरगा म्हणाला, ‘साहेब, हे तर सोपंय. डीएसपीच्या नादाला लागायचंच नाही.’ बेस सेटच्या आउटपुटवरून एक छोटा अँप्लिफायर, 100 व्होल्टच्या लाइनवर ऑपरेटरच्या टेबलाजवळ दोन स्पीकर, आणि भिंतीवर आवाज कमी-जास्त करायचा लाइन अटेन्युएटर. शाळेत, हॉटेलात असतो तो गोल खटका. ‘ऑफ’च्या पायरीवर जाणार नाही अशी त्याने आतून खिट्टी बसवली. वर त्याला 24 व्होल्टचा प्रायॉरिटी रिले आहे, टर्नआउटची (गाडी निघायची) घंटा वाजली की नॉब कुठेही असो, घंटा पूर्ण आवाजात येते. अटेन्युएटरची किंमत दोन हजाराच्या आत. अँप्लिफायर आणि स्पीकर आमच्याच जुन्या सामानातले निघाले.

एक अडचण त्यानेच आधी सांगितली. हा आवाज आता डीएसपीला ठाऊक नाही, त्यामुळे व्हीसीत पलीकडे ऐकू जाईल, आणि त्यात लोकांचे पत्ते असतात, जखमींची माहिती असते. त्यावर उपाय म्हणजे व्हीसीत छतातले माइक बंद, टेबलावर बटण दाबून बोलायचा माइक. ज्याला बोलायचंय तो दाबेल. मंत्रालयाकडून अजून कुणी कुरकुर केलेली नाही. उलट साहेब आता थोडं कमी बोलतात, हे माझं खासगी निरीक्षण.

तर तारे: वॉल 4, केबलिंग 5, टच पॅनल 1, टेक्निशियन 5, त्याची कंपनी 2. पीओई स्विच आम्ही आमच्या वायरमनकडून यूपीएसवर घेतला, अर्ध्या तासाचं काम होतं. ‘क्लायंट स्कोप’ हे उत्तर मला तरीही मान्य नाही. रॅकची ड्रॉइंग त्यांची, सॉकेट त्यांनी निवडलं.

आता वॉरंटी संपत आलीय आणि एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) कोटेशन टेबलावर आहे. त्यात टच पॅनलच्या प्रोग्रॅमची मूळ सोर्स फाइल कुठेच धरलेली नाही, नुसती चालू आवृत्ती पॅनलमध्ये भरून दिलीय. म्हणजे उद्या एक बटण हलवायचं तरी यांच्याच दारात उभं राहायचं. मी शेरा मारलाय : सोर्स फाइल, डीएसपीची फाइल आणि सगळे पासवर्ड सीलबंद पाकिटात जमा झाल्याशिवाय अंतिम 10 टक्के देयक सादर करू नये. लेखा विभागाने त्यावर सही केली आहे.