एम. ए.चा आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राचा पेपर : एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी मी हा विषय घेतला आणि दोन वर्षांत इतक्या मनापासून मी दुसरे काहीच शिकले नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त (प्रत्येक देशाने तुलनेने स्वस्तात जमते ते बनवावे आणि बाकीचे आयात करावे) आमच्या बाईंनी व्याख्येऐवजी रिकार्डो यांच्याच आकड्यांपासून सुरू केला : ठरावीक कापडासाठी इंग्लंडला १०० व पोर्तुगालला ९० माणसांचे, तर मद्यासाठी अनुक्रमे १२० व ८० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, मग दोन्ही वस्तू कमी श्रमांत बनवणाऱ्या पोर्तुगालने कापड आयात का करावे, हे त्यांनी आम्हालाच फळ्यावर सोडवायला लावले. व्यवहारतोल, म्हणजे देशाच्या परदेशांशी होणाऱ्या सर्व देण्याघेण्याचा हिशेब, शिकताना जुलै १९९१ मधील रुपयाचे दोन टप्प्यांतील अवमूल्यन आणि परदेशात गहाण ठेवलेले सोने यांवरील चर्चा तर तास संपला तरी थांबली नाही. विनिमय दराचा भाग मात्र सत्राच्या शेवटी घाईत उरकला गेला, याची मला खरोखर खंत वाटते. मराठीतून उत्तरे लिहिणाऱ्यांसाठी संदर्भसाहित्यही अपुरे होते. विभागाने निदान पारिभाषिक संज्ञांची सूची तरी द्यायला हवी होती. गणिताची फार तयारी लागत नाही, पण आलेख रोज हाताने काढण्याची सवय ठेवावी लागते.