डोक्याला मार: आधी सीटी स्कॅन की रक्ततपासणी?

पाय घसरून डोकं आपटलं, कपाळावर टेंगूळ आलंय, माणूस शुद्धीत आहे, पण तेच तेच विचारतोय. सीटी स्कॅन आतला रक्तस्राव काही मिनिटांत दाखवतो. मात्र किरणोत्सर्ग होतो, आणि किरकोळ मार असलेल्या बहुतेकांचा स्कॅन नॉर्मलच निघतो.

रक्ततपासणी इथेच कामाला येते. मेंदूच्या पेशी दुखावल्या की जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही प्रथिनं रक्तात उतरतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये प्रौढांसाठी या चाचणीला मान्यता दिली. या चाचणीसाठी रक्त मार लागल्यापासून १२ तासांच्या आत घ्यायचं. दोन्ही कमी असतील तर स्कॅन टाळता येतो. वाढलेली असली म्हणजे रक्तस्राव आहेच असं मात्र नाही. स्कॅन करावाच लागतो.

माझ्या मते सौम्य लक्षणांत आधी रक्त. पण वारंवार उलट्या, फिट किंवा वाढती गुंगी असेल तर थेट सीटीच!