फोंड्यातील नवे मासळी दुकान: काच चकचकीत, बर्फ अपुरा

गोव्यातील फोंड्याच्या बाजारापासून थोड्या अंतरावर सुरू झालेल्या वातानुकूलित मासळी दुकानाविषयी परिचितांपैकी अनेकांनी विचारल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे. पुढे एक गंभीर तक्रार असल्याने दुकानाचे नाव देणे टाळले आहे.

दुकान स्वच्छ आहे, वजन चोख आहे आणि मासळी कापण्याचे काम सफाईदार आहे. दर्शनी भिंतीवर ‘फॉर्मेलिनमुक्त मासळी’ असा ठळक फलक आहे. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड या विषारी रसायनाचे पाण्यातील द्रावण. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातील मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून गदारोळ झाला आणि परराज्यांतून येणारी मासळी सरकारने काही दिवस थांबवली. त्या धास्तीमुळे असा फलक आजही गिऱ्हाईक खेचतो. मासळी टिकवण्यासाठी फॉर्मेलिन वापरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. (बोंबलासारख्या काही माशांत मेल्यानंतर फॉर्माल्डिहाइड आपोआपही तयार होते, हे मात्र फलक रंगवणाऱ्यांच्या गावी नसते.) परंतु आपल्या हवेत मासळी बिघडते ती प्रामुख्याने उष्म्याने, आणि नेमके तेथेच हे दुकान कमी पडते.

बांगडे बर्फाच्या पातळ थरावर नुसते मांडून ठेवलेले असतात; वर बर्फाचा खडाही नसतो आणि डोक्यावर पिवळे दिवे जळत असतात. संध्याकाळी मी हात लावून पाहिला तेव्हा बांगडा खालून गार आणि वरून कोमट लागला, कल्ले तपकिरी पडले होते आणि बोटाने दाबलेला खळगा भरून येत नव्हता. मालकांना हे दाखवले असता ‘एसी चालूच आहे ना, साहेब’ असे उत्तर मिळाले. एसीचा गारवा माणसांपुरता असतो. मासळीला शून्याच्या आसपासचे तापमान लागते, त्यासाठी ती खाली, वर आणि मध्ये बर्फ घालून थरांत ठेवावी लागते आणि वितळलेले पाणी निथळून जावे लागते.

बांगडा, तारले (सार्डिन) आणि कुपा (ट्यूना) यांच्या बाबतीत ही हयगय अधिक महागात पडते. या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते, उष्म्यात जिवाणू त्यापासून हिस्टामाइन हे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य तयार करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामाइन तळल्याने, उकळल्याने किंवा गोठवल्याने नाहीसे होत नाही. असा मासा वासाला ठीकही वाटू शकतो. तो खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर गांधी उठणे, उलट्या होणे असे त्रास सुरू होतात आणि घरची मंडळी ‘मासळीची अ‍ॅलर्जी’ म्हणून तो विषय सोडून देतात. आंबट-तिखट हुमणात (मासळीच्या आमटीत) कोकम कितीही सढळ घातले तरी इथे उपयोग नाही.

तिसऱ्यांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, व्यवस्था मात्र वाखाणण्याजोगी आहे. त्या ओल्या गोणपाटाखाली जिवंत ठेवतात, आणि वजन करण्यापूर्वी काउंटरवरचा मुलगा उघड्या शिंपल्या एकमेकींवर टिचकावून पाहतो. जी मिटत नाही ती मेलेली समजून सरळ बाजूला टाकतो. शिजवल्यावरही न उघडणारी शिंपली खाऊ नका, असे तो न विचारता सांगतो. इतकी दक्षता मी अन्यत्र क्वचितच पाहिली आहे.

दर बाजारापेक्षा चढे आहेत आणि घरपोच सेवेतही पिशवीत बर्फ घालत नाहीत. तिसऱ्यांसाठी येथे अवश्य जावे. बांगडा आणि तारले मात्र, मांडणी सुधारेपर्यंत, सकाळी बाजारात बसणाऱ्या आणि पाटीतला बर्फ न सांगता उकरून दाखवणाऱ्या मासळीवालीकडूनच घ्यावेत.