तीन क्रूझ, सव्वा वर्ष: जहाज निवडताना आता मी आधी काय बघते

पहिल्या क्रूझवरून परतल्या परतल्या लिहायला बसले असते, तर मोठ्या जहाजाला डोळे झाकून पाच तारे दिले असते. बरं झालं थांबले. त्यानंतरच्या सव्वा वर्षात आणखी दोन वेगळ्या तऱ्हेच्या सफरी झाल्या. शेवटची संपूनही चार महिने उलटलेत, आणि मनात काय उरलंय ते आता नीट सांगता येतं.

पहिली सफर भूमध्य समुद्रातली, सात रात्रींची, हजारो प्रवाशांच्या जहाजावर. नऊ वर्षांचा मुलगा सोबत होता. घसरगुंड्या, चढाईची भिंत, पोहण्याचे तलाव. तो आम्हाला फक्त जेवायला भेटायचा. मुलं बरोबर असतील तर याला तोड नाही, हे मी आजही म्हणेन. पण कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला. रोम तिथून सुमारे 70 किलोमीटर! ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तेही असंच लांब. सकाळी सातला जहाज लागलं, संध्याकाळी सातला सुटणार, त्याआधी सगळे आत हवेत. उतरण्याची रांग आणि येण्याजाण्याचा वेळ वजा करता रोमसाठी जेमतेम पाच तास हातात आले. कलोसियम बाहेरूनच बघितलं. बुकिंग करून देणाऱ्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं, याचा राग अजून गेलेला नाही. शिवाय इंटरनेट, पेयं, टिप, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं तिकिटाच्या वर.

दुसरी सफर डॅन्यूब नदीवरची, जर्मनीतल्या पासाऊपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत, सुमारे 580 किलोमीटर. या वेळी बाबा बरोबर होते. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मला धाकधूक होती. नदीवरच्या बोटी लॉकमध्ये (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या बंदिस्त हौदात) मावाव्या लागतात, त्यामुळे रुंदी साडेअकरा मीटरच्या आसपास आणि लांबी फार तर 135 मीटर. प्रवासी दोनशेच्या आतच. पासाऊत तर बोटीतून पाऊल टाकलं की जुनं गाव. व्हिएन्नात धक्का थोडा बाहेर, राइशब्र्युके पुलापाशी, पण मेट्रोने दहा-पंधरा मिनिटांत स्टेफान्सप्लाट्झ, म्हणजे शहराच्या मध्यावरचा चौक.

स्लोव्हाकियातल्या गॅबचिकोवोच्या लॉकमध्ये बोट शिरली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बाबा खुर्ची ओढून खिडकीशी बसले. हातभर अंतरावर ओली काँक्रीटची भिंत, तिच्यावर शेवाळ, मधेच शिडीच्या गंजलेल्या कांबी. पाणी उतरू लागलं, पण वाटत होतं भिंतच वर चाललीय. सुमारे वीस मीटर आम्ही खाली गेलो आणि बोटीला एक हिसका नाही! बाबा अजून सगळ्यांना ती भिंत सांगतात, जेवणाबद्दल मात्र चकार शब्द नाही.

खटकलेली गोष्टही सांगते. गर्दीच्या धक्क्यावर बोटी एकमेकींना लागून बांधतात. दोन दिवस आमच्या खिडकीसमोर शेजारच्या बोटीची खिडकी होती, पडदा ओढूनच बसावं लागलं. आणि नदीला पाणी कमी झालं की बोट अडते, पुढचा प्रवास बसने. ऱ्हाईन नदीवर 2018 आणि 2022 साली पाणी फारच खाली गेलं होतं, म्हणून तारखा ठरवताना हे ध्यानात ठेवा.

तिसऱ्या वेळी आम्ही दोघंच नॉर्वेला गेलो: बर्गन ते किर्केनेस, वाटेत 34 बंदरं, 1893 साली सुरू झालेली जहाजसेवा. मालही नेणारं जहाज, त्यामुळे नाचगाणी, कॅसिनो काही नाही. काही बंदरांत पंधरा मिनिटंच थांबतं. रात्री दोनला मी डेकवर उभी राहून फोर्कलिफ्टने खोकी उतरताना बघितली, अंगावर दोन जॅकेटं घालून. मला ते अतोनात आवडलं. नवऱ्याला चौथ्या दिवशी कंटाळा आला. लोफोतेन बेटांआधी वेस्तफियोर्डच्या उघड्या समुद्रात जहाज चांगलंच हलतं. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घ्यावी. आम्ही वरची, पुढची घेतली होती आणि ती रात्र जागून काढली.

आता मी तलाव, रेस्टॉरंट वगैरे शेवटी बघते. आधी नकाशा उघडते: धक्का नेमका कुठे, तिथे किती तास, की नांगर टाकून लहान बोटीने नेणार? सँटोरिनीला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. बाबांना ते चढणं-उतरणं जमणार नाही. मुलगा पुन्हा मोठ्या जहाजाचा हट्ट धरून बसलाय, आणि त्याचं बरोबरच आहे. मी माल्टा असलेला मार्ग शोधतेय. व्हॅलेटाला जहाज तटबंदीच्या पायथ्याशीच लागतं आणि वर गावात जायला लिफ्ट आहे, म्हणजे बाबांनाही नेता येईल.