फलाटाचं टोक की पादचारी पूल?
दुपारभर गाड्या बघायच्या, पण उभं राहायचं कुठे? फलाटाच्या टोकाला इंजिनाचा नंबर अगदी डोळ्यासमोरून जातो. पण ताशी 100 किमीची गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर पुढे सरकते, तेव्हा वही आधीच उघडून ठेवा. मधल्या रुळावर मालगाडी थांबली की पलीकडचं सगळं गुल, आणि ती मेली हलता हलत नाही! पुलावर ती कटकट नाही. पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारी इंजिनावरची चौकट), छतावरचे इन्सुलेटर (वीज अडवणारे आधार), रूळ बदलताना डब्यांना पडणारा बाक, सगळं वरून दिसतं. फोटोत मात्र विजेच्या तारा आडव्या येतात. सावली दोन्हीकडे बेताचीच. नंबर टिपणाऱ्यांनी फलाट धरावा, पिवळ्या रेषेच्या मागे राहून. नुसती ये-जा न्याहाळायची असेल, तर पूलच बरा.